रंग शेवटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माझा प्रवास : माजलगाव ते पुणे’. मी त्यांना म्हटलं, त्या प्रवासात सांगण्यासारखं फार काही नाही. माजलगावच्या स्टँडवरून रात्रीची एस.टी., आधी तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंग, मग पुणे, आणि पुढची बावीस-तेवीस वर्षं कॉम्प्युटरसमोरची खुर्ची. संपला प्रवास. त्यापेक्षा गेल्या पावसाळ्यात मी उलट दिशेने, पुण्याहून माजलगावला जो प्रवास केला, त्याबद्दल बोलते. म्हणून ही वस्तू सोबत आणली आहे. मघापासून सगळे विचारताहेत, “गाणार आहेस का?” नाही. घाबरू नका.

ही इलेक्ट्रिक गिटार आहे. तीन हजार रुपयांची, सेकंडहँड. ऑफिसमधला एक मुलगा परदेशी निघाला होता, सामान विकत होता. त्याने ती कपाटामागून काढली तेव्हा तिचा काळा रंग कडांना उडालेला होता, तारा गंजल्या होत्या, आणि तीन पिकअपपैकी मधला मुका होता. मी घेतली. का घेतली याचं खरं उत्तर असं की कॉलेजात असताना मला गिटार हवी होती आणि तेव्हा मागायची हिंमत झाली नव्हती.

घेतली, आणि त्याच महिन्यात अप्पांचं निदान झालं. कंपवात. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. पुण्याला यायला तयार नाहीत. मग मी घरून काम करायची परवानगी घेतली आणि चार महिने इथे येऊन राहिले. लॅपटॉप, कपडे, आणि ही गिटार. दुरुस्त करू, तेवढाच वेळ जाईल, असा हिशेब.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना अप्पांचं दुकान आठवत असेल. मोंढ्याकडे जाताना, मोटार वाइंडिंगचं. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसाबरोबर पाण्याच्या मोटारी आल्या. आणि मोटारी आल्या की त्या जळणारच. तीन फेजपैकी एक गेला, मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली, शेतकरी दुसऱ्या टोकाला पाणी धरत उभा, आणि इकडे वाइंडिंग काळंठिक्कर. मग बैलगाडीत नाहीतर मोटारसायकलच्या मागे बांधून ती मोटार आमच्या दारात. उन्हाळ्यात अप्पा रात्री बारापर्यंत काम करायचे, कारण मोटार एक दिवस बंद म्हणजे कुणाचातरी ऊस वाळतोय. जळक्या वार्निशचा वास आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या दप्तराला होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तो आठवतो, असं तिने मघाशी चहाच्या वेळी सांगितलं. “आठवतो म्हणजे? मला तो वास आवडायचा,” म्हणाली. मला हे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तर, गिटार मी अंगणात पोत्यावर ठेवली. अप्पा खुर्चीवर. त्यांनी विचारलं, “हे काय आणलंस माय?” मी म्हटलं, “गिटार आहे. रंग उडालाय, नवा रंग मारायचाय.” ते म्हणाले, “वाजती का?” म्हटलं, “नीट नाही वाजत.” तर म्हणाले, “मग रंगाचं काय घेऊन बसलीस? रंग शेवटी.”

ते मी ऐकलं नाही. मला रंगच आधी करायचा होता, कारण तेवढं तरी आपल्याला जमेल असं वाटत होतं.

सगळे स्क्रू काढले. एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली : प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि स्क्रू वेगवेगळ्या काड्यापेट्यांत ठेवून त्यांवर नाव लिहिलं. मान वेगळी, अंग वेगळं. स्वस्त गिटारींवरचा रंग हा रंग नसतोच, ते प्लास्टिकचं जाड कवच असतं. पॉलिएस्टर. रंग काढायचं रिमूव्हर लावलं, ढिम्म हललं नाही. शेवटी हीट गन आणली. गरम हवेने कवच फुगतं आणि मग पत्र्याच्या उलथण्याने ते पापुद्र्यासारखं निघतं. एका जागी जास्त वेळ धरलं तर खालचं लाकूड करपतं. माझ्या गिटारच्या पाठीवर रुपयाएवढा डाग आहे, तो तिथलाच. तोंडाला मास्क न लावता हे काम करू नका. धूर आणि धूळ, दोन्ही वाईट.

मग पॉलिश पेपर. ८० नंबर, १२०, १८०, २४०, ३२०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. दोन दिवस खांदे दुखले. खाली निघालं फिकट रंगाचं लाकूड, तीन फळ्या चिकटवून केलेलं. मला ते फारच सुंदर वाटलं, आणि ठरवलं की रंग नकोच, लाखेचं पॉलिश करू. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुती कापडाच्या बोळ्याने हात देत जायचं, आपल्याकडचे जुने सुतार करतात तसं. मिरजेला सतारी-तानपुरे करणारे कारागीर लाखेचंच पॉलिश करत आले आहेत. फरीदसाहेब सतारमेकरांपासूनची ती परंपरा, एकोणिसाव्या शतकातली. त्यांच्या तानपुऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतात आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला वाटलं, मिरजेला जमतं तर माजलगावला का नाही?

कारण जुलै महिना होता. लाख ओल्या हवेत लावली की तिच्यावर पांढरी झाक येते, धुकं बसल्यासारखी. आठ हात दिले, आठव्या दिवशी गिटार बुरशी आल्यासारखी दिसत होती. अप्पा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “आत काय बिघडलंय ते बघितलंस का?”

मग मी मल्टिमीटर काढला.

इथे जरा विज्ञानाचा तास. सर समोर बसले आहेत, चुकले तर उभं करतील. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. बस. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवलं आणि सरांनी आपल्याला कॉइलमधून चुंबक मागेपुढे करून गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवून दाखवलं, तेच. तो काटा हलला तेव्हा सगळा वर्ग ‘ओऽ’ म्हणाला होता. आणि हे यंत्र आपल्याला अजिबात परकं नाही. आपल्या लग्नांतल्या बँजो पार्टीचा बँजो आठवा. तो खरं तर बँजो नाहीच. १९१२ साली जपानमध्ये नागोया इथे गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवलेलं तैशोगोतो नावाचं वाद्य केलं, ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि आपल्याकडे त्याखाली पिकअप बसला, अॅम्प्लिफायरला जोडलं गेलं आणि ते नवरदेवाच्या घोड्यापुढे चालू लागलं. म्हणजे ही गिटार आपल्या बँजोची चुलतबहीण. लग्नसराईत बँजो पार्टीवाले अॅम्प्लिफायर दुरुस्तीला अप्पांकडेच आणत.

तर पुढचा आणि मागचा पिकअप मोजला, ६.१ किलोओहम. मधला : अनंत. तार आत कुठेतरी तुटली होती. मी अप्पांना म्हटलं, “नवीन मिळतो, मागवते.” ते पहिल्यांदाच खुर्चीत पुढे झाले. “कॉइल जळाली म्हणून कुणी मोटार फेकती का?”

आणि इथे मी या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक केली. उत्साहाच्या भरात ब्लेडने जुनी कॉइल कापून काढली आणि केरात टाकली. अप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. वाइंडिंगच्या धंद्यातला पहिला नियम असा की जुनी तार मोजल्याशिवाय, फेरे मोजल्याशिवाय, वहीत लिहिल्याशिवाय जुनी कॉइल टाकायची नाही. जुनी कॉइल म्हणजेच नव्या कॉइलचा नकाशा. मी वीस वर्षं मुलांना सांगत आले आहे की जुना प्रोग्रॅम नीट वाचल्याशिवाय पुसू नका. स्वतः मात्र नकाशा केरात टाकला.

मग पुस्तकी ज्ञान वापरलं. वाचलं होतं की अशा पिकअपला ४२ गेजची तार लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ४२ नंबरची इनॅमल तार मागवली. अप्पांनी ती चिमटीत धरली, डोळे मिटून बोटांत फिरवली आणि म्हणाले, “ही जाड आहे. एवढ्याशा बॉबिनमध्ये हिचे किती फेरे बसतील?” मी म्हटलं, “अप्पा, ४२ च लिहिलंय.” करून बघितलं. तीन हजारांच्या आतच बॉबिन भरलं आणि रेझिस्टन्स एक किलोओहमसुद्धा येईना. तेव्हा अप्पांनी मायक्रोमीटर मागितला, आणि मग उलगडा झाला. अमेरिकन गेज वेगळा, आपला वेगळा. त्यांची ४२ नंबरची तार ०.०६३ मिलिमीटरची. आपल्या बाजारात जो गेज चालतो, एसडब्ल्यूजी, त्यातली ४२ नंबर ०.१०२ मिलिमीटरची. त्यांच्या ४२ ला आपली ४६ नंबर लागते, ०.०६१. केसाएवढी बारीक. मी दोन देशांचे आकडे एकमेकांवर ठेवून मोकळी झाले होते. आठवी पास माणसाच्या बोटांना कळलं ते इंजिनिअरला मायक्रोमीटर लावून कळलं.

४६ नंबर आली. अप्पांनी दुकानाचं शटर उघडायला सांगितलं. दोन वर्षांत उघडलं नव्हतं. पंख्याच्या आणि स्टॅबिलायझरच्या कॉइलींसाठी त्यांचं एक छोटं हाताने फिरवायचं मशीन आहे, त्याला फेरे मोजायचा काउंटर. त्याला लाकडी ठोकळा लावून त्यावर ते प्लास्टिकचं बॉबिन बसवलं. हँडल मी फिरवायचं, तार त्यांनी धरायची, असं ठरलं. मी म्हटलं, “तुमचा हात...” ते म्हणाले, “रिकामा असला की थरथरतोय. कामात असला की कमी होतोय. बघ तू.”

खरंच होतं ते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं की या आजारात बऱ्याचदा हात स्वस्थ असताना कंप जास्त असतो. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. तार बोटांत आली आणि तो हात बराच शांत झाला. अगदी पूर्वीसारखा नाही. पण त्या हाताला आपलं काम ओळखीचं होतं.

पहिल्यांदा ९०० फेऱ्यांवर तार तुटली. दुसऱ्यांदा ४,२०० वर, बॉबिनच्या काठाला अडकून. “जोड देऊ का?” मी विचारलं. “जोड नको. परत.” तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी अप्पांनी बोटांऐवजी नमद्याच्या दोन तुकड्यांमधून तार सोडली म्हणजे ताण सारखा राहील, आणि ७,६०० फेरे पूर्ण झाले. बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत एक किलोमीटरहून जास्त तार. मोजलं, ६.२ किलोओहम.

पुढे वाचताना मला कळलं की अमेरिकेत फेंडर कंपनीत १९५६ पासून अॅबिगेल इबारा नावाच्या बाई हाताने पिकअप गुंडाळत होत्या आणि त्यांनी गुंडाळलेल्या कॉइलसाठी लोक आजही जादा पैसे मोजतात. हाताने गुंडाळलेली तार यंत्रासारखी एकावर एक बसत नाही, थोडी इकडेतिकडे पडते, आणि त्याने आवाज मोकळा होतो, असं मानतात. अप्पांच्या हाताने ती किती इकडेतिकडे पडली असेल याचा अंदाज करा. मला कानाला फरक कळतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मधला पिकअप लावला की मी जरा जास्त वेळ वाजवते.

आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी मी खरं तर इथे उभी आहे.

दहावीचं आपलं स्नेहसंमेलन. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आईची साडी नेसले होते. मधेच अॅम्प्लिफायर बंद पडला. सरांनी सायकलवरून कुणालातरी पिटाळलं आणि दहा मिनिटांत अप्पा आले, दुकानातून थेट, बनियनवर शर्ट अडकवून, हात वार्निशने कोपरापर्यंत काळे. स्टेजवर चढले, मागचं झाकण उघडलं, काहीतरी केलं आणि आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी कौतुकाने मला विचारलं, “कोण आहेत हे?” आणि मी म्हटलं, “वायरमन आहेत.”

अप्पा दोन पावलांवर होते. पक्कड खिशात घालत होते. त्यांनी ऐकलं. ते खाली उतरले आणि गेले. घरी त्यावर एक शब्द निघाला नाही, ना तेव्हा, ना नंतर. तुमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नसेल. मी मात्र त्यानंतर जिथे जिथे ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना आला तिथे ‘व्यापार’ लिहीत गेले.

त्या तिसऱ्या संध्याकाळी, पाच हजार फेरे झाले असतील, हँडल फिरवता फिरवता मी त्यांना हे बोलले. मान वर न करता. म्हटलं, “अप्पा, संमेलनात मी तुम्हाला वायरमन म्हणाले होते.” काउंटर टकटक करत होता. ते थोड्या वेळाने म्हणाले, “फ्यूज गेलता त्याचा.” मग आणखी थोड्या वेळाने, “हात थांबवू नको, ताण सुटतोय.”

एवढंच. त्यांना आठवत होतं की नव्हतं, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी हँडल फिरवत राहिले.

पुढचं काम भराभर झालं. अप्पांनीच सुचवलं की मधली कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलीय तर चुंबकही उलटा बसव. मी त्यांना आधी याचं कारण सांगितलं होतं आणि ते त्यांना एका वाक्यात कळलं. विजेच्या लाईनचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट प्रत्येक कॉइलमध्ये शिरतो. एक कॉइल सुलटी, एक उलटी असेल तर दोन्हींतला गुणगुणाट एकमेकांना मारतो. पण चुंबकही उलटा असल्यामुळे तारेचा आवाज मात्र बेरजेत राहतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास याच तत्त्वावर दुहेरी कॉइलचा पिकअप केला. आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत शिरणार नाही. आवाज कमीजास्त करायची तीन जुनी खरखरणारी बटणं काढून २५० किलोओहमची नवी बसवली.

एवढं करून अॅम्प्लिफायर लावला, तर तरीही घूंऽऽ. मी गिटारला दोष दिला. अप्पांनी टेस्ट लँप मागितला. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला तर तो नुसता मिणमिणला. म्हणाले, “गिटार चांगली आहे. घराचं अर्थिंग गेलंय.” परसातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडला होता. कोळसा, मीठ, चार बादल्या पाणी. बल्ब उजळला, आणि घूं जवळजवळ गेलं. माझ्या वडिलांच्या घरात चार वर्षं अर्थिंग नव्हतं आणि ते मला तीन हजारांच्या गिटारीमुळे कळलं. तुम्हीही घरी गेल्यावर आईवडिलांकडचं अर्थिंग तपासून घ्या. या भाषणातली तेवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल.

मान सरळ करायचं काम मी एकटीने केलं. आतल्या लोखंडी सळीला पाव फेरा, एक दिवस थांबायचं, मग पुन्हा बघायचं. घाई केली तर सळी तुटते. फ्रेटच्या पट्ट्या वरखाली होत्या. त्यांच्या माथ्यावर मार्करची शाई लावली, ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटच्या सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती अलगद फिरवली. जिथली शाई पुसली जात नाही तो फ्रेट खोल. सगळीकडची शाई गेली की थांबायचं, आणि मग माथे पुन्हा गोल करायचे. गणिताच्या बाईंना आवडेल म्हणून सांगते : तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर. पुढचं प्रत्येक अंतर आधीच्याला १.०५९४६ ने भागत जायचं, आणि बरोबर बाराव्या फ्रेटवर ३२४, म्हणजे अर्ध्यावर पोचता, तिथे वरच्या सप्तकाचा स्वर. बारा वेळा भागून बरोबर निम्मं. बाई, तुमची छडी खाल्लेल्या मुलीला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि मग रंग. शेवटी.

तो कुणी केला ते सांगते. तो इथेच बसलाय, नाव घेऊ नको अशी त्याने तंबी दिलीय. आपल्या वर्गात एक मुलगा होता. दसरा झाला की त्याची बाकावरची जागा रिकामी व्हायची आणि उन्हाळा लागला की पुन्हा भरायची. आईवडील कोयत्यावर, पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांना. आपण तेव्हा त्याला ‘पाहुणा’ म्हणायचो. त्यात काही चुकतंय हे आपल्याला कळत नव्हतं. दहावीची परीक्षा त्याला देता आली नाही. कारखान्यावरच्या गॅरेजात तो ट्रॅक्टरला रंग मारायला शिकला, आणि आज त्याचं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मी बुरशी आलेली गिटार घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने आधी ती नखाने खरवडली. “ही लाख सगळी काढावी लागंल. लाखंवर माझा रंग धरणार नाही.” पुन्हा ३२० नंबर. मग प्रायमर, मग तीन हात रंग, मग दोन हात क्लिअर. आठ दिवस त्याने मला हात लावू दिला नाही. नंतर १,००० आणि २,००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून आणि शेवटी कंपाउंडने घासून ही चमक. रंग कोणता विचारलं तर म्हणाला, उरलेला होता. हा ट्रॅक्टरचा लाल आहे. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “तुझ्या बापानं आमची मोटार दोन सीझन उधारीवर भरून दिलीय.” मला हे माहीत नव्हतं. अप्पांच्या वहीत बघितलं तर मोटारीचे फेरे आणि गेज आहेत, उधारीचा रकाना कोराच.

त्या वह्या १९७८ पासूनच्या आहेत. प्रत्येक मोटारीची एक ओळ : गाव, हॉर्सपॉवर, तारेचा नंबर, फेरे. शेवटची ओळ गेल्या पावसाळ्यातली, वाकड्यातिकड्या अक्षरात. “गिटार. ४६ नंबर. ७६००. उलटे. मायची.”

मोठ्या कामाचा हिशेब मागाल तर : गिटार तीन हजार, सामान चार हजार दोनशे, वाया गेलेली तार वेगळी. विकायला काढली तर निम्मेही येणार नाहीत. मला अजून चारच कॉर्ड येतात.

अप्पांचं दुकान आता कायमचं बंद करतोय. ते छोटं वाइंडिंग मशीन आणि काउंटर त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यायचं ठरवलंय. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय. अट एकच, ती त्यांची आहे : मुलींनाही हँडल फिरवू द्यायचं, आणि जुनी तार मोजल्याशिवाय टाकू द्यायची नाही.

मघाशी हा माइक घूं करत होता तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक आजोबा उठून मागच्या बोर्डाकडे गेले, तुम्ही पाहिलं असेल. आज मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. ते वायरमन नाहीत. मोटार वाइंडिंगचं काम त्यांनी चव्वेचाळीस वर्षं केलं. ते माझे वडील आहेत.